पन्नाशीनंतर अचानक आकड्याचा नाद: शब्दांकडेही लक्ष द्या

मागच्या अंकातल्या स्मृतिभ्रंशावरच्या लेखात एक ओळ होती: 'उतारवयात पहिल्यांदाच लागलेला जुगाराचा नाद हे काही वेळा मेंदूच्या आजाराचं पहिलं लक्षण असतं.' त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : आमचे हे ५८ वर्षांचे. एसटीत इतकी वर्षं नोकरी केली, पण गणपतीच्या जागरणातसुद्धा कधी पत्त्यांना हात लावला नाही. दीड वर्षापासून रोज मटका लावतात. रोज तोच आकडा. हरले तरी चेहऱ्यावर काही नाही, चिठ्ठ्या टेबलावर तशाच पडलेल्या. रागावले तर 'बरं' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला चप्पल घालून निघतात. परवा मी किसणी मागितली, तर मलाच विचारतात, 'किसणी म्हणजे काय?' नणंद म्हणते, म्हातारचळ आहे. — एक वाचक, सोलापूर

तुमच्या पत्रात आम्ही मटक्यापेक्षा किसणीपाशी जास्त थांबलो.

'अगं ते हे… काय म्हणतात त्याला' असं पन्नाशीनंतर सगळ्यांचंच होतं. पण समोरच्याने 'किसणी' म्हटलं की 'हां, किसणी!' असं लगेच पटतं. तिथे शब्द फक्त अडलेला असतो. तुमच्या मिस्टरांनी शब्द नीट ऐकला, स्पष्ट उच्चारला आणि तरी त्याचा अर्थ विचारला. म्हणजे शब्दाचा आवाज शिल्लक आहे, अर्थ निसटला आहे. 'अमुक म्हणजे काय?' हा प्रश्न रोजच्या वापरातल्या वस्तूबद्दल आला, तर तो कधीही हसण्यावारी नेऊ नये.

हे चित्र ज्या आजारात दिसतं त्याचं नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, थोडक्यात एफटीडी. मेंदूचा कपाळामागचा भाग आणि कानाजवळचा, म्हणजे शंखखंडाचा, पुढचा भाग यात हळूहळू आक्रसत जातो. सुरुवात बहुतेक वेळा ४५ ते ६५ या वयात होते, म्हणून घरच्यांच्या मनात स्मृतिभ्रंश येतच नाही. शिवाय 'स्मृतिभ्रंश' हा आपला शब्दच इथे फसवा आहे. काल रात्री कुठली भाजी होती, मटक्याचं दुकान कुठल्या वळणावर आहे, हे सगळं त्यांना आठवतं. जातात ते शब्दांचे अर्थ आणि बरं-वाईट तोलण्याची ताकद. प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी भाषा हरवत जाणाऱ्या अशा रुग्णाचं वर्णन १८९२ मध्येच केलं होतं. १९८२ मध्ये अमेरिकेतले मार्सेल मेसुलम यांनी हळूहळू वाढत जाणाऱ्या वाचाघाताकडे, म्हणजे मेंदूच्या बिघाडाने भाषा जाण्याकडे, नव्याने लक्ष वेधलं. त्याला आज प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात. त्याच्या तीन प्रकारांपैकी अर्थ हरवणारा तो 'सिमँटिक' प्रकार. अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने २०२२ मध्ये आधी वाचाघात आणि २०२३ मध्ये एफटीडी असं निदान जाहीर केलं, तेव्हा हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं.

आता शब्दांचा आणि मटक्याचा संबंध काय? शंखखंडाचं टोक आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदूचा भाग यांना हुकासारखा वळलेला तंतूंचा एक जुडगा जोडतो. शब्दाचा अर्थ पहिल्या भागात, तर 'यात तोटा आहे, थांब' हा इशारा दुसऱ्यात. आजार एकीकडून दुसरीकडे सरकतो, किंवा दोन्हीकडे एकदमच सुरू होतो.

हा इशारा बंद पडतो म्हणजे काय होतं, हे पत्त्यांच्या एका चाचणीत स्वच्छ दिसतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ती तयार झाली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पत्त्यांच्या चार गड्ड्या, आणि हातात २,००० डॉलरचे खोटे पैसे. दोन गड्ड्यांत प्रत्येक पानाला १०० डॉलर मिळतात, पण दर दहा पानांत १,२५० डॉलरचा दंड असतो. उरलेल्या दोनांत पानाला ५०च मिळतात, दंड मात्र दहा पानांत २५०. म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या गड्डीत दहा पानांमागे २५० जातात आणि छोट्या बक्षिसाच्या गड्डीत २५० हातात राहतात. हे कोणी सांगत नाही. निरोगी माणूस शंभरपैकी काही पानं उचलल्यावर, नीट कारण सांगता येण्याआधीच, छोट्या बक्षिसाकडे वळतो. डोळ्यांच्या वरचा तो भाग निकामी झालेले रुग्ण हरत राहतात आणि तीच गड्डी उचलत राहतात. कित्येकदा ती वाईट आहे हे त्यांना तोंडाने सांगता येतं, तरीही. तुमचं रागावणं 'बरं' म्हणून ऐकून घेतलं जातं आणि दुसऱ्या दिवशी चप्पल पायात जाते, ते यामुळे.

आणखी एक गोष्ट. सिमँटिक प्रकारात शब्द जातात, पण आकडे बरेच दिवस शाबूत राहतात. अंकांचं काम मुख्यतः मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात चालतं आणि तो भाग सुरुवातीला वाचतो. अर्थ निसटत चाललेल्या माणसाला आकड्यांच्या जगात अजून जमतं.

जुन्या जुगाऱ्यापेक्षा हे वेगळं कसं ओळखायचं? मुरलेला जुगारी लपवतो, उसने घेतो, हरलेले पैसे काढायला आणखी लावतो आणि मध्येच कधीतरी रडतो. मानसोपचारातल्या नऊ निकषांपैकी चार १२ महिन्यांत दिसले तर 'जुगाराचा विकार' म्हणतात, आणि त्यांतले बरेचसे याच धडपडीबद्दलचे आहेत. तुमच्याकडे चिठ्ठ्या टेबलावर पडलेल्या असतात. लपवाछपवी नाही म्हणून बरं वाटतं, पण इथे ते उलट आहे: लाज वाटणंच थांबलं आहे. अर्थात हा काही पक्का नियम नाही. काही रुग्ण कपाटातून पैसेही काढतात.

सोबतीला काय दिसतं ते पाहा. अचानक गोडाची हाव, ताटात एकच पदार्थ भराभर खाणं, घरात कोणी आजारी असताना कोरडेपणा, घड्याळाला बांधलेल्या सवयी, लग्नकार्यात तोंडावर काहीही बोलून जाणं, किंवा नुसतं बसून राहणं. वागणुकीच्या एफटीडीसाठी तज्ज्ञांनी २०११ मध्ये सहा लक्षणं ठरवली. त्यांतली तीन असली तर संशय धरतात. वागणूक आधी बदलली की भाषा आधी, यावरून कागदावरचं नाव बदलतं. पहिल्यापासून वागणूकच ठळक असेल तर नियमाने त्याला वाचाघात म्हणत नाहीत. त्या नावावरून घरात वाद नको. पुढची पावलं सारखीच आहेत.

घरी एक साधी पाहणी करा. स्वयंपाकघरातल्या दहा वस्तू मांडा, त्यांत नेहमीच्या (पेला, चमचा) आणि कमी वापरातल्या (किसणी, रवी, सांडशी, झारा) दोन्ही घ्या. आधी नाव विचारा. मग तुम्ही नाव घ्या आणि वस्तू उचलायला सांगा. शेवटी ती वापरून दाखवायला सांगा. कुठल्या पायरीवर काय अडलं ते तारखेसकट लिहून ठेवा. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना दहा मिनिटांत जे दिसणार नाही ते या कागदावर दिसतं. त्याच कागदावर चार तारखा घाला: पहिला मटका, पहिला विसरलेला शब्द, स्वभावातला पहिला बदल आणि नव्याने सुरू झालेली प्रत्येक गोळी. हा कागद घेऊन आधी न्यूरोलॉजिस्टकडे जा. व्यसनमुक्ती केंद्रात सरळ भरती करू नका. तिथली समजूत घालण्याची पद्धत परिणामांची भीती आणि पश्चात्ताप यांवर चालते, आणि तेच दोन्ही इथे गेलेले असतात.

प्रश्न : बाबांची (६१) स्मृतीची चाचणी झाली, ३० पैकी २८ गुण. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'वयानुरूप' लिहिलंय. पेपर अस्खलित वाचतात. तरीही लॉटरीवर दोन लाख उडवले आणि बोलताना सगळ्याला 'ते सामान' म्हणतात. डॉक्टर म्हणतात, काही नाही. — एक वाचक, नागपूर

ही बहुधा एमएमएसई नावाची चाचणी असावी. तिच्या ३० गुणांची फोड पाहा. दिवस, तारीख आणि ठिकाण यांना १०. तीन शब्द ऐकून म्हणणे ३. वजाबाकीला ५. तेच शब्द नंतर आठवणे ३. भाषेला ८ आणि आकृती काढण्याला १. भाषेच्या आठांत वस्तूंची नावं फक्त दोन विचारतात: घड्याळ आणि पेन्सिल. हे इतके सरावाचे शब्द आहेत की ते सगळ्यात शेवटी जातात. तोटा तोलण्याबद्दल या चाचणीत एकही प्रश्न नाही. थोडक्यात, ही चाचणी अल्झायमरच्या अंगाने बनलेली आहे. २८ म्हणजे अल्झायमरसारखा विसर नाही, एवढंच.

पेपर वाचण्याचंही तसंच. इंग्रजीत या आजाराचं एक ठळक लक्षण वाचनात सापडतं, कारण तिथे स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच असे शब्द भरपूर आहेत आणि अर्थ गेला की रुग्ण ते चुकीचे वाचतो. देवनागरी बहुतेक लिहिल्याप्रमाणेच वाचायची असते. त्यामुळे अर्थ पूर्ण गेला तरी वाचन खणखणीत राहतं, आणि इंग्रजी पुस्तकांवर शिकलेल्या माणसाची इथे फसगत होऊ शकते. मराठी रुग्णात वाचनाऐवजी अर्थ तपासावा. बातमी वाचून झाली की विचारा, 'यात धरण म्हटलंय, ते कशाला बांधतात?'

पुन्हा जाताना तीन गोष्टी मागा.

एमआरआयची फिल्म किंवा सीडी न्यूरोलॉजिस्टला स्वतः बघायला सांगा. नुसता रिपोर्ट चालणार नाही. शंखखंडाची टोकं समोरून घेतलेल्या उभ्या छेदांत नीट दिसतात आणि डाव्या-उजव्यात फरक आहे का ते महत्त्वाचं असतं. तपासणी लिहून देताना 'टेम्पोरल पोलचा आक्रस, एफटीडीचा संशय' असा प्रश्न चिठ्ठीवर असेल, तर रेडिऑलॉजिस्ट नेमकं तिथे बघतो. चिठ्ठीवर 'डोकेदुखी' लिहिलं असेल तर 'वयानुरूप' हेच उत्तर येतं. एमआरआयचा दुसरा उपयोग म्हणजे कपाळामागची गाठ किंवा जुना पक्षाघात वगळणं. अशी गाठ काढता येते, म्हणून हे आधी.

फिल्मही निर्णायक नसेल, तर एफडीजी-पेट स्कॅन. मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय ते त्यात दिसतं आणि कित्येकदा आक्रस दिसण्याआधी दिसतं. त्यासाठी काही तास उपाशी राहावं लागतं आणि रक्तातली साखर आटोक्यात असावी लागते. मधुमेह असेल तर गोळ्यांचं आधी विचारून घ्या. सगळ्यांना याची गरज नसते आणि खर्चही बराच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञाकडून मराठीतून सविस्तर भाषातपासणी. तिथे तिन्ही प्रकार वेगळे काढता येतात. सिमँटिक रुग्ण भरभर, व्याकरणशुद्ध बोलतो, पण बोलण्यात 'ते', 'सामान', 'वस्तू' याच शब्दांची भरती. दुसऱ्या प्रकारात बोलणं अडखळत, कष्टाने येतं आणि प्रत्यय गळतात: 'मी बाजार… भाजी आण.' लिंग-वचनही चुकतं. मराठीत प्रत्ययांची रेलचेल असल्याने हे कानाला पटकन खटकतं. तिसऱ्या, लोगोपेनिक प्रकारात शब्दासाठी वारंवार थांबावं लागतं, अर्थ कळतो, पण लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणता येत नाही. या तिसऱ्याच्या मुळाशी बहुतेकदा अल्झायमरच असतो, म्हणून औषधाचा निर्णय बदलतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून बाबा पहिल्या प्रकाराकडे झुकतात.

रक्तात बी-१२, थायरॉइड, सोडियम, व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची) आणि एचआयव्ही या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. आणि झोप कमी, बडबड जास्त, मोठमोठे बेत, पैसे उधळणं असं काही आठवड्यांत एकदम सुरू झालं असेल, तर तो उन्माद असू शकतो. त्यावर औषधं आहेत.

प्रश्न : आईला (६६) पाच वर्षं पार्किन्सन्स आहे. रात्रभर मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळते. तिलाही हाच डिमेन्शिया असेल का? — एक वाचक, ठाणे

आधी गोळ्यांची चिठ्ठी बघा. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल लिहिलंय का? ही औषधं डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करतात. हातापायांसाठी ती उपयोगी आहेत, पण मेंदूतल्या बक्षिसाच्या यंत्रणेलाही ती चेतवतात. पार्किन्सन्सच्या ३,०९० रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांवरचा ताबा सुटल्याचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. या गटातली औषधं घेणाऱ्यांत ते १७.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होतं. पाय वळवळण्याच्या आजारासाठी हीच औषधं कमी मात्रेत देतात, तिथेही हे घडतं. मानसोपचारातल्या अरिपिप्राझोलबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये असाच इशारा दिला.

औषध सुरू झाल्याची किंवा वाढवल्याची तारीख आणि खेळ सुरू झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही जुळत असतील आणि आईचे शब्द शाबूत असतील, तर डिमेन्शियापेक्षा गोळीचाच संशय जास्त. पण गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. घाम, घबराट, अंगदुखी, तीव्र तळमळ असा त्रास होतो आणि पार्किन्सन्सही उसळतो. न्यूरोलॉजिस्ट मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून लेव्होडोपाचं (पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचं) गणित नव्याने बसवतात. डॉक्टर भेटेपर्यंत रात्री मोबाइल तुमच्या खोलीत. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला, पण त्यामुळे मोबाइल निर्धोक झाला असं समजू नका.

प्रश्न : निदान एफटीडीचं झालं आहे. वडिलांच्या एकट्याच्या नावावर पेन्शन, ठेवी, घर. पैसा कसा थांबवायचा? मुखत्यारपत्र करून घेऊ का? — एक वाचक, डोंबिवली

मुखत्यारपत्रावर विसंबू नका. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम २०१ प्रमाणे, ते देणाऱ्याचं मन अक्षम झालं की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्याच दिवशी ते कुचकामी ठरतं. काही देशांत अक्षमतेनंतरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं आणि परदेशातली भावंडं तेच सुचवतात. इथे ते चालत नाही.

वडिलांना अजून समज आहे आणि ते सही करायला तयार आहेत, तोवर ही कामं आठवड्यांत उरका, महिने लावू नका.

पहिलं खातं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' संयुक्त खात्याने काहीच थांबत नाही. दोघांपैकी कोणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो. ठेवी आणि मुख्य बचत 'जॉइंटली', म्हणजे दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात हलवा. पेन्शनचं खातं आहे तसं ठेवा आणि बँकेला स्थायी सूचना द्या, की पेन्शन जमा झाली की ठरावीक रक्कम त्या दोन सह्यांच्या खात्यात जावी. मागे दोनेक हजार राहू द्या. खातं पूर्ण कोरडं केलं की माणूस शेजाऱ्याकडे, नाहीतर कर्जाच्या अ‍ॅपकडे जातो.

मग कार्ड आणि फोन. एटीएमची रोजची मर्यादा कमीत कमी करा, कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करा. हे बटण बँकेच्या अ‍ॅपमध्येच असतं. त्यांचं स्वतंत्र यूपीआय काढून टाका. पैसे देण्याची सवय मोडवत नसेल तर 'यूपीआय सर्कल' वापरा: खातं तुमचं, दुय्यम वापरकर्ते ते. त्याचे दोन प्रकार आहेत. पूर्ण मुभेत एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतात. तुम्हाला हवा तो दुसरा, ज्यात प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागते. घराचे कागद, सोनं, सात-बाराच्या नकला, कोरे चेक त्यांच्या हाताशी ठेवू नका. सहा महिन्यांची बँक-स्टेटमेंट काढून न ओळखीच्या प्रत्येक नावावर खूण करा. छोटी कर्जं तिथेच सापडतात.

कायद्याच्या बाजूने: मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवशीच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह करा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली उपचाराचे निर्णय घेण्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण त्याला पैशाचा अधिकार नसतो. समज पूर्ण गेल्यावर मालमत्तेसाठी उच्च न्यायालयात पालक नेमण्याचा अर्ज करावा लागतो. तिथे निदानाच्या तारखांना वजन असतं, म्हणून पहिल्या भेटीपासूनचे सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा. पैजेचा करार त्याच करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्दबातल आहे. 'इतके लावले होते, द्या' म्हणून दारात येणाऱ्याला न्यायालयातून ते वसूल करता येत नाहीत. कर्जाचं तसं नाही. निदानानंतर घेतलेल्या कर्जाबाबत याच कायद्याचं कलम १२ (करार करण्याइतकी समज) पुढे करता येतं, पण त्यासाठी वकील लागेल.

प्रश्न : बहीण (५२) अनुदानित शाळेत शिक्षिका. सहलीचे पैसे लॉटरीत गेले, कारणे दाखवा नोटीस आली. संस्था म्हणते, राजीनामा द्या, प्रकरण मिटवू. तिला वर्गात मुलांच्या कंपासपेटीतली नावं आठवत नाहीत. — एक वाचक, सातारा

राजीनामा देऊ नका, निदान आधी नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४): सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा दर्जा कमी करता येत नाही. दुसरं काम द्यावं, तेही जमत नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदावर ठेवावं. 'सरकारी आस्थापना' या व्याख्येत अनुदानित संस्था येतात. राजीनामा दिला की हे सगळं संरक्षण स्वतःच्या हाताने गेलं. अपहाराचा आरोप मात्र या कलमाने आपोआप पुसला जात नाही. म्हणून सहलीचे पैसे पावती घेऊन लगेच भरा, नोटिशीला उत्तर द्यायला मुदत मागा आणि उत्तरात जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणीची लेखी मागणी करा. बहिणीला एकटीला चौकशीत बसवू नका. ती समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणेल.

प्रश्न : औषध काय? आणि रोज संध्याकाळी बाहेर पडण्यापासून अडवायचं कसं? भाऊ म्हणतो, कोंडून ठेव. हे आम्हा मुलांतही येईल का? — एक वाचक, कोल्हापूर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बहुतेक रुग्णांत सरळ वारसा सापडत नाही, आणि सिमँटिक प्रकारात तर तो फारच क्वचित. मात्र घराण्यात दोन-तीन जणांना कमी वयात असाच आजार, किंवा स्नायू झडत जाणारा मोटर न्यूरॉन आजार झाला असेल, तर जनुकीय समुपदेशन घ्या. तपासणी त्यानंतर. ज्ञात दोष सापडला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि हे जाणून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आजार थांबवणारं औषध नाही. अल्झायमरसाठी देतात ते डोनेपेझिल एफटीडीत उपयोगी पडत नाही आणि काहींची वागणूक त्याने बिघडते. मेमँटिनच्या चाचण्यांतही फायदा दिसला नाही. चिठ्ठीवर यांपैकी काही असेल तर ते का दिलंय हे विचारा (लोगोपेनिक प्रकारात कारण असू शकतं). तेच ते पुन्हा पुन्हा करण्याचा सोस, गोडाची हाव, चिडचिड यांवर सर्ट्रालिनसारखी औषधं किंवा ट्राझोडोन काही जणांना बरा उतार देतात. शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं सहज चालू करू नयेत. या रुग्णांना त्याने अंग ताठणं लवकर येतं.

कोंडू नका. दार अडवलं की ढकलाढकली होते, आणि वेळेला बांधलेल्या माणसाला ती वेळ टळल्याचं जास्त लागतं. अडवण्यापेक्षा वळवणं सोपं. निघायच्या अर्धा तास आधी दुसरं ठरलेलं काम त्याच घड्याळाला बांधा: देवळात जाणं, नातवाला क्लासमधून आणणं, वेगळ्या रस्त्याने फेरी. पहिले दोन-तीन आठवडे कोणीतरी रोज सोबत जावं लागतं. नव्या सवयीने घट्ट धरलं की हाच हटवादीपणा तुमच्या बाजूने काम करतो. खिशात वीस-तीस रुपये असू द्या. टपरीवाल्याला आणि लॉटरीच्या दुकानदाराला आजार सांगा, उधारी देऊ नका म्हणा. ओळखीतला असेल तर बहुतेक जण ऐकतात. स्कूटरची किल्ली याच सुमारास काढून घ्या. सिग्नल दिसतो, पण थांबायचं ते सुटतं.

समजावण्याची लांब भाषणं बंद. वाक्य लहान ठेवा, वस्तू दाखवा, 'ते आण' ऐवजी हात करून 'हे आण'. वाचा-उपचारात शब्द परत बसवता येतात, पण थोडेच, आणि रोज घोकले तरच टिकतात. म्हणून पुस्तकातली यादी नको. तुमच्याच घरातल्या वीस-तीस वस्तूंचे फोटो काढा, खाली नाव आणि ती कशाला लागते ते लिहा. तुमच्या किसणीचा फोटो घ्या, दुकानातल्या नव्या किसणीचा घेतला तर बरेच रुग्ण तो ओळखत नाहीत. सराव थांबला की शब्द पुन्हा जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

एकट्याने हे रेटू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचं काम मुंबई, पुणे आणि गोव्यातही आहे.

आणि मटक्याच्या वेळेला हातात काय द्यायचं? आकडे शाबूत आहेत तोवर तेच द्या. चौकटींची वही, सुडोकू, पत्त्यांतला पेशन्सचा डाव, मोठ्या तुकड्यांचं जिगसॉ. कित्येक रुग्ण यात तास-दोन तास रमतात आणि घरच्यांपेक्षा लवकर सोडवतात. सुडोकूचं पान रोज त्याच जागी, त्याच पेन्सिलीसह ठेवा. संपलेली वही फेकू नका, ती शोधतील.